वाचकांचे प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाचे रेडिएशन आणि संगणकाने आखलेल्या सीमा

रेडिएशनच्या नियोजनासाठी केलेल्या सीटी स्कॅनवर अवयवांच्या सीमा संगणकाकडून आखून घेण्याची पद्धत आता अनेक विभागांत रुळली आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात या पद्धतीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीच्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली असून आता तिला रेडिएशन घ्यायचे आहे. नियोजनाचा सीटी स्कॅन झाल्यावर आम्हाला सांगण्यात आले की, त्यावरचे कॉन्टूरिंग सॉफ्टवेअर करते आणि डॉक्टर ते तपासतात. कॉन्टूरिंग म्हणजे नेमके काय, आणि इतके महत्त्वाचे काम संगणकावर का सोपवले जाते?

उत्तर : नियोजनाचा स्कॅन रोगनिदानाच्या स्कॅनपेक्षा वेगळ्या हेतूने केलेला असतो. रुग्णाला उपचाराच्या वेळी ज्या स्थितीत झोपवायचे असते त्याच स्थितीत, म्हणजे बहुधा तिरक्या फळीवर हात डोक्यावर घेऊन, हा स्कॅन होतो, कारण पुढचा सगळा हिशेब याच चित्रावर मांडायचा असतो. हनुवटीपासून पोटाच्या वरच्या भागापर्यंतचे सुमारे ३६ सेंटिमीटर अंतर ३ मिलिमीटर जाडीच्या कापांत टिपले, तर १२० काप तयार होतात. कोणत्या भागाला किरणांची मात्रा मिळाली पाहिजे आणि कोणते अवयव शक्य तितके वाचवले पाहिजेत, हे या कापांवर रेषा काढून दाखवावे लागते. यालाच कॉन्टूरिंग म्हणतात. छातीच्या मध्यावरच्या एकाच कापावर उपचाराचा स्तन, दुसरा स्तन, दोन्ही फुफ्फुसे, हृदय, अन्ननलिका आणि मज्जारज्जूची नळी इतक्या गोष्टी असू शकतात. काखेतल्या आणि मानेच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींनाही रेडिएशन द्यायचे असेल, तर त्यांचे भाग निराळे आखावे लागतात.

हे काम आज पूर्वीपेक्षा अधिक निर्णायक झाले आहे. स्तनावर दोन बाजूंनी तिरपे झोत सोडण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. तिच्यात झोताच्या कडा शरीरावरील खुणांवरून ठरत, त्यामुळे रेषा थोडी इकडेतिकडे झाली तरी प्रत्यक्ष उपचारात फारसा फरक पडत नसे. किरणांची तीव्रता भागाभागानुसार बदलणाऱ्या नव्या पद्धतींत मात्र संगणक केवळ रेषांनाच प्रमाण मानतो. लक्ष्याच्या रेषेबाहेर राहिलेल्या ऊतींना मात्रा पुरवण्याची जबाबदारी तो घेत नाही आणि जो अवयव आखलाच नाही, त्याला वाचवण्याचा प्रयत्नही करत नाही.

आता संगणक का, याविषयी. या कामाचा बराच भाग डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या कडा गिरवण्याचा असतो. फुफ्फुसात हवा असल्याने ते सीटीवर काळे दिसते आणि त्याच्या भोवतीचे स्नायू करडे दिसतात. ती कड शोधायला वर्षानुवर्षांचे वैद्यकीय शिक्षण लागत नाही. अशा कामात तज्ज्ञाचा तासभर जावा, आणि ज्या निर्णयांना खरोखर त्याचा विचार हवा त्यांना उरलेला वेळ मिळावा, हे रुग्णाच्या हिताचे नाही. म्हणून पहिला मसुदा यंत्राने करावा आणि तो तज्ज्ञाने तपासून दुरुस्त करावा, ही विभागणी मला योग्य वाटते. मात्र त्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच मनापासून झाला पाहिजे.

प्रश्न : संगणकाची आखणी डॉक्टरांच्या आखणीशी "९५ टक्क्यांहून अधिक जुळते" असे एका माहितीपत्रकात वाचले. मग तपासणीची गरज का उरते?

उत्तर : जुळणीचा हा आकडा बहुधा डायस गुणांकावरून काढलेला असतो. ली डायस या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये परिसंस्थाशास्त्रासाठी मांडलेले हे माप दोन आकृत्या एकमेकींवर किती पडतात ते सांगते. पूर्ण जुळणीला १ आणि अजिबात न जुळण्याला ० मिळतात. सोयीचे माप आहे, पण स्तनाच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी फसवू शकते, आणि हे उदाहरणानेच पाहिलेले बरे.

समजा, डॉक्टरांनी आखलेल्या स्तनाचे आकारमान ८०० घनसेंटिमीटर आहे आणि यंत्राने काखेकडच्या टोकाचे ४० घनसेंटिमीटर सोडून बाकी सगळे अचूक आखले. गुणांक येतो सुमारे ०.९७. आकडा उत्तम, परंतु सुटलेल्या त्या ४० घनसेंटिमीटरमध्येच मूळ गाठीची जागा असेल, तर ती आखणी त्या रुग्णासाठी निरुपयोगी आहे. आता उलट टोक पाहू. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी डावी धमनी जेमतेम ४ मिलिमीटर रुंद धरली आणि यंत्राची रेषा केवळ २ मिलिमीटरने सरकली, तर गुणांक ०.३९ इतका घसरतो. श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्यांनी ही धमनी स्कॅनवर धूसर होत असल्याने एवढी तफावत दोन अनुभवी डॉक्टरांतही सहज पडते. मोठ्या अवयवाचा मोठा आकडा चूक झाकतो आणि लहान अवयवाचा लहान आकडा नसलेली चूक दाखवतो. यासाठी दोन रेषांमधील जास्तीत जास्त अंतर मिलिमीटरमध्ये मोजणारी मापेही सोबत पाहावी लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यंत्राच्या रेषेवर बेतलेल्या योजनेत प्रत्यक्ष अवयवाला किती मात्रा गेली असती, हे काढून पाहावे लागते.

आपल्या प्रश्नात आणखी एक गृहीत दडलेले आहे : डॉक्टरांची आखणी ही एकच आणि ठरलेली असते. २००९ मध्ये अमेरिकेतील आरटीओजी या संशोधन गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगातील नऊ तज्ज्ञांना तेच तीन स्कॅन आखायला दिले होते. काही भागांच्या आखणीत परस्परांशी जुळणी अवघ्या १० टक्क्यांपर्यंत खाली गेली. हे तज्ज्ञ निष्काळजी होते असा याचा अर्थ मुळीच नाही. स्तनाची बाहेरच्या बाजूची, काखेकडे जाणारी सीमा सीटीवर दिसतच नाही, कारण स्तनातील चरबी आणि बगलेतील चरबी सारख्याच करड्या छटेची असते. तिथे रेषा कुठे थांबवायची हे ठरवावे लागते. स्कॅनच्या आधी हाताने चाचपून स्तनाभोवती धातूची बारीक तार चिकटवण्याची पद्धत याचसाठी आहे, म्हणजे हाताला जे कळले ते चित्रावरही उमटते.

हा गोंधळ कमी करण्यासाठी नियमावल्या झाल्या. आरटीओजीचा आखणीचा नमुनासंच आहे, आणि २०१५ मध्ये एस्ट्रो या युरोपीय संस्थेने आपले मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दोन्ही विचारपूर्वक केलेले आहेत, पण एकसारखे नाहीत. स्तन पूर्ण काढलेल्या रुग्णात आरटीओजीच्या नमुन्यानुसार छातीच्या भिंतीची आखणी बरगड्यांसह आत फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत जाते, तर एस्ट्रोच्या मार्गदर्शनानुसार ती सर्वसाधारणपणे बरगड्यांच्या पुढेच थांबते. आता एका नियमावलीवर शिकवलेले सॉफ्टवेअर दुसरी नियमावली पाळणाऱ्या विभागात बसवले, तर ते प्रत्येक रुग्णात, प्रत्येक कापावर, अतिशय सफाईने आणि सातत्याने विभागाच्या धोरणाविरुद्ध आखणी करील. रेषा इतकी गुळगुळीत असते की नजर तिच्यावर अडत नाही. म्हणून "किती टक्के जुळते" या प्रश्नाआधी "कोणाच्या नियमाशी जुळते" हे विचारावे.

प्रश्न : माझ्या आईला डाव्या बाजूचा कर्करोग आहे. रेडिएशनमुळे हृदयावर परिणाम होतो असे ऐकून आम्ही घाबरलो आहोत. हृदयाची सीमा संगणकाने चुकीची आखली तर काय होईल?

उत्तर : आपली काळजी समजण्यासारखी आहे, म्हणून आधी धोक्याचे खरे प्रमाण सांगतो. स्वीडन आणि डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत १ ग्रेची (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे) वाढ झाली की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण मूळ धोक्याच्या ७.४ टक्क्यांनी वाढते. ही वाढ मूळ धोक्यावर मोजायची असते. म्हणजे ज्या स्त्रीचा मूळ धोका कमी आहे, तिच्यात प्रत्यक्ष भर अगदी थोडी पडते, आणि रेडिएशनने कर्करोग परतण्याची शक्यता जेवढी घटते त्यापुढे ती बहुतेक रुग्णांत लहान ठरते. भीतीपोटी उपचार टाळणे हा मोठा धोका आहे, हे कृपया आईंनाही सांगावे.

हृदय हा संगणकाला बऱ्यापैकी जमणारा अवयव आहे. फुफ्फुसांच्या बाजूची त्याची कड स्पष्ट असते. अडचण येते ती वरच्या टोकाला, जिथून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. हृदय कुठे संपले आणि वाहिन्या कुठे सुरू झाल्या हे तिथे संकेतानेच ठरते, आणि बहुतेक नमुनासंचांत फुप्फुसधमनीच्या पातळीखालून हृदय धरतात. यंत्राने ही सीमा दोन-तीन कापांनी वर नेली, तर झोतापासून दूर असलेला भाग हिशेबात येतो आणि सरासरी मात्रा कागदावर कमी दिसते, प्रत्यक्ष हृदयाला गेलेली मात्रा मात्र तेवढीच राहते. खालच्या टोकाला हृदय यकृताला टेकते आणि दोघांची छटा जवळजवळ सारखी असते, तिथेही एखादा काप सुटू शकतो. ज्या विभागात ही दोन टोके रोज पाहिली जातात, तिथे आपण निश्चिंत असावे.

आईंना दीर्घ श्वास घेऊन रोखून धरणे जमत असेल, तर त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. छाती फुगली की हृदय झोतापासून दूर जाते, आणि डाव्या बाजूच्या उपचारात हृदयाची मात्रा कमी करण्याचा हा प्रभावी आणि साधा मार्ग आहे. रेषेच्या दोन मिलिमीटरपेक्षा याचा लाभ कितीतरी मोठा असतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. ही सॉफ्टवेअरे शिकतात कशी, आणि स्तन काढलेल्या किंवा कृत्रिम स्तन बसवलेल्या रुग्णांतही ती चालतात का?

उत्तर : पूर्वी नमुन्यावर आधारित पद्धत होती. आधी आखून ठेवलेला एखादा स्कॅन नव्या रुग्णाच्या स्कॅनवर ताणून-दाबून बसवायचा आणि त्याच्यासोबत सरकलेल्या रेषा उचलायच्या. रुग्णाचा बांधा नमुन्यापेक्षा फार वेगळा असला की रेषा भरकटत. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी यू-नेट ही चेताजाल-रचना (मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावर बेतलेली, उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) मांडली आणि चित्र बदलले. ही रचना आधी चित्र टप्प्याटप्प्याने लहान करत त्याचा एकंदर अर्थ लावते, मग ते पुन्हा मोठे करत जाते; मोठे करताना सुरुवातीच्या टप्प्यांतील बारीक तपशील थेट जोडून घेते, त्यामुळे कोणता अवयव आणि नेमका कुठे, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळतात. आजच्या बहुतेक आखणी-सॉफ्टवेअरांत याच कल्पनेची रूपे आहेत. तज्ज्ञांनी आखलेले शेकडो स्कॅन दाखवले जातात, जाल आपला अंदाज मांडते, तज्ज्ञांच्या रेषेशी तफावत मोजली जाते आणि ती कमी होईल अशा बेताने आतले आकडे बदलत राहतात.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. यंत्राला जे दाखवले, त्याच्या आसपासचेच त्याला जमते. स्तन शाबूत असलेल्या रुग्णांवर शिकलेल्या यंत्रापुढे स्तन काढलेल्या रुग्णाचा स्कॅन आला, तर ज्या उंचवट्यावरून ते सीमा ओळखते तो उंचवटाच तिथे नसतो. कृत्रिम स्तनाच्या बाबतीत लक्ष्य म्हणजे त्या पिशवीच्या पुढे किंवा मागे उरलेला पातळ थर असतो, आणि पिशवी छातीच्या स्नायूच्या पुढे आहे की मागे यावर तो ठरतो. यंत्राने अख्खी पिशवी लक्ष्य म्हणून आखली, तर ती आखणी पुसून नव्याने करणेच बरे. त्वचा ताणण्यासाठी बसवलेल्या तात्पुरत्या पिशवीच्या धातूच्या तोंडामुळे स्कॅनवर पांढऱ्या-काळ्या रेघा उमटतात, त्यांनीही गोंधळ होतो. शस्त्रक्रियेनंतर साठलेला द्रव, छातीत साचलेले पाणी, हात पूर्ण वर न जाणे, पुरुषांमधील स्तनाचा कर्करोग, हे सगळे शिकवणीच्या संचात कमी आढळणारे प्रकार आहेत. म्हणून सॉफ्टवेअर बसवताना त्या विभागाने आपल्याच जुन्या रुग्णांच्या स्कॅनवर त्याची परीक्षा घ्यावी, त्यात हे अवघड प्रकार मुद्दाम ठेवावेत, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आपण या क्षेत्रात येणार असाल, तर यंत्राला "हा स्कॅन माझ्या ओळखीचा नाही" असे प्रामाणिकपणे सांगता येईल, या दिशेने काम करावे. त्याची गरज फार मोठी आहे.

प्रश्न : मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या विभागात यंत्राची आखणी आधीच तयार असते. ती तपासताना नेमके काय पाहावे, आणि आम्ही स्वतः आखायला कधी शिकणार?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ज्याने स्वतः आखलेले नाही, त्याला दुसऱ्याच्या आखणीतली चूक दिसत नाही. आपण काही स्कॅन यंत्राची रेषा लपवून, कोऱ्या चित्रावर आखावेत, मग यंत्राची रेषा उघडून दोन्हींतील फरकाचे कारण वरिष्ठांसमोर मांडावे. त्यात कधी आपण चुकलेले असाल, कधी यंत्र, आणि कधी दोघेही बरोबर असून नियमावलीच संदिग्ध असेल. हा सराव विभागाने अभ्यासक्रमातच धरावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

तपासण्याची पद्धत ज्याची त्याची असते. मी आधी बाजू पाहतो, डावी की उजवी, आणि ती शस्त्रक्रियेच्या नोंदीशी ताडतो. त्यानंतर आडव्या कापांकडे न जाता समोरून आणि बाजूने दिसणारे छेद उघडतो, कारण मध्येच गळालेला काप किंवा रेषेने घेतलेली उडी तिथे दातेरी कडेसारखी लगेच नजरेत येते. मग प्रत्येक अवयवाचे पहिले आणि शेवटचे काप पाहावेत. यंत्राच्या बहुतेक चुका टोकांवर सापडतात. पुढे त्वचेपासून ५ मिलिमीटर आत सोडले आहे का, मागची सीमा छातीच्या मोठ्या स्नायूवर थांबली आहे का, आतली रेषा उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, चढली आहे का, बाहेरची रेषा तारेच्या खुणेशी जुळते का, हे क्रमाने पाहावे. उरोस्थीलगतच्या लसिकाग्रंथींचा भाग घ्यायचा असेल, तर पहिल्या तीन बरगडी-अंतरांत तेथील रक्तवाहिन्या स्वतः शोधाव्यात.

सगळ्या दुरुस्त्या सारख्या मोलाच्या नसतात. झोताची कड जिथून जाते तिथे मात्रा काही मिलिमीटरांत झपाट्याने उतरते. तिथली ३ मिलिमीटरची चूक योजना बदलते. विरुद्ध बाजूच्या फुफ्फुसाच्या मागच्या कडेवर तेवढीच चूक असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नये. तयार रेषा पाहिली की मन तिच्याशी सहमत व्हायला लागते, आणि दिवसाच्या अखेरीस ते अधिकच होते. म्हणून कठीण स्कॅन सकाळी तपासावेत, ही सूचना किरकोळ वाटली तरी पाळण्यासारखी आहे.

आणि वाचलेला वेळ गाठीच्या मूळ जागेला द्यावा. जादा मात्रा जिथे द्यायची ती ही जागा आखण्यासाठी केवळ सीटी पुरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा मॅमोग्राम, शल्यचिकित्सकाची टिपणे, आत ठेवलेल्या टायटॅनियमच्या क्लिपा, पॅथॉलॉजीच्या अहवालातील कडांची अंतरे, हे सगळे समोर ठेवावे लागते. स्तनाचा आकार राखण्यासाठी आतल्या ऊती फिरवून बसवल्या असतील, तर त्वचेवरचा व्रण एकीकडे आणि मूळ जागा दुसरीकडे असे होते. शंका आली की शल्यचिकित्सकांना फोन करावा. यंत्राने आपल्याला मिळवून दिलेली अर्ध्या तासाची सवड याच कामासाठी आहे. तिच्यात केवळ रुग्णसंख्या वाढवली, तर लाभ रुग्णापर्यंत पोहोचणार नाही.

प्रश्न : या सॉफ्टवेअरांना कोणाची मान्यता असते का? आणि रुग्ण म्हणून आम्ही काय विचारावे?

उत्तर : अशी सॉफ्टवेअरे वैद्यकीय उपकरण मानली जातात आणि अनेक देशांत त्यांना नियामक संस्थेची परवानगी लागते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२३ मध्ये अशा नऊ तंत्रज्ञानांचा वापर, पुरावा गोळा होत असताना, तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत करायला हरकत नाही असे सांगितले. त्यासोबतची अट अशी की, प्रत्येक आखणी प्रशिक्षित व्यक्तीने तपासून आणि लागेल तिथे दुरुस्त करूनच वापरावी.

आपण डॉक्टरांना मोकळेपणाने तीन गोष्टी विचाराव्यात : माझी आखणी कोणी तपासली आणि तिच्यावर सही कोणाची आहे, गाठीची मूळ जागा कशावरून ठरवली, आणि हृदयाला व फुफ्फुसाला किती मात्रा जाणार आहे. नियोजन पूर्ण झाल्यावर या तिन्हींची उत्तरे विभागाकडे लेखी असतात, आणि ती समजावून सांगण्यात कोणत्याही चांगल्या डॉक्टरला अडचण वाटत नाही. पूर्वी छातीवर कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, पेसमेकर असेल किंवा आधी कधी रेडिएशन घेतले असेल, तर ते स्कॅनच्या दिवशीच आपणहून सांगावे, कारण जुन्या रेडिएशनची मात्रा नव्या स्कॅनवर कोणालाच दिसत नाही, यंत्रालाही नाही.